नवीन पूल : पीएच, अल्कलिनिटी, क्लोरीन – सुरुवात नेमकी कुठून करायची?

जास्वंद · २० एप्रिल, रात्री ९.१०

कर्जतजवळच्या आमच्या शेतघरी यंदा छोटा पूल बांधून घेतला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद. एका टोकाला एक मीटर खोल, दुसऱ्या टोकाला १.८ मीटर. आतून काचेची मोझॅक टाइल, वाळूचा फिल्टर आणि एका भिंतीवरून पडणारा पाण्याचा पडदा. भरला आमच्याच बोअरच्या पाण्याने, वरचं थोडं टँकरचं.

भरला तेव्हा तळाची फरशी मोजता येईल इतकं पाणी नितळ होतं. कंत्राटदाराच्या माणसाने दाणेदार क्लोरीन टाकलं आणि सकाळी बघतो तर बिनदुधाचा चहा! मग त्याने तुरटी फिरवली, रंग थोडा निवळला. आता पाणी दुधट दिसतंय. काल संध्याकाळी त्याने परत दोन किलो दाणे टाकले. पोत्यावर कॅल्शियम हायपोक्लोराइट ६५ टक्के असं लिहिलंय.

आज टेस्ट किट आणून मोजलं. पीएच ८.२, टोटल अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) २६०, हार्डनेस (पाण्याचा कठीणपणा, चुना) ३४०. क्लोरीनची गोळी टाकल्यावर क्षणभर गुलाबी झालं आणि लगेच रंग गेला, म्हणजे शून्य. दोन किलो गेले कुठे? कंत्राटदार म्हणतो आकडे बघू नका, मोठ्या गोळ्या तरंगत्या डबीत ठेवा, मूठभर मोरचूद टाका, पाणी निळं होईल.

मुलांना सुट्टी लागलीय, जाऊबाईंचीही मुलं येणार आहेत. क्रम काय ठेवू? आधी पीएच की आधी क्लोरीन? आणि पोरांना पाण्यात कधी सोडता येईल?

ढगोजी · २० एप्रिल, रात्री ९.३२

इकडे बदलापुरात पंखासुद्धा गरम हवा फेकतोय. धाग्याचं नाव वाचूनच गार वाटलं. वाचतोय.

सोडावॉटर · २० एप्रिल, रात्री १०.१५

जास्वंद, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. निम्मे लोक नुसता फोटो टाकतात आणि "हिरवं का?" विचारतात.

आधी पाणी किती ते ठरवू. सरासरी खोली १.४ मीटर धरली तर ८ × ४ × १.४ म्हणजे जवळजवळ ४५ घनमीटर, ४५,००० लिटर. हा आकडा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक माप यावरूनच निघणार आहे.

आता तुमचं "शून्य" क्लोरीन. ते शून्य नाही, उलट भरमसाट आहे. ६५ टक्क्यांचे दोन किलो म्हणजे १३०० ग्रॅम क्लोरीन, ४५ घनमीटरात ते २९ पीपीएमच्या (लिटरला २९ मिलिग्रॅम) आसपास जातं. किटमधल्या क्लोरीनच्या, म्हणजे डीपीडी गोळीचा गुलाबी रंग एवढं क्लोरीन सहन करत नाही, तो जळून जातो. क्षणभर गुलाबी होऊन पांढरं पडणं ही त्याचीच खूण. खात्री करायची तर एक भाग पूलचं पाणी आणि नऊ भाग बाटलीचं पाणी मिसळून परत मोजा, येईल त्याची दहापट करा. रंग टिकेल. पीएचही उद्या-परवा परत मोजा. क्लोरीन इतकं चढलेलं असताना फिनॉल रेड (किटमधलं पीएच मोजायचं रसायन) जांभळट होऊन खोटा आकडा दाखवतं.

चहाचा रंग लोहाचा. बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं तोवर पाणी स्वच्छ दिसतं. क्लोरीन लागलं की त्याचा गंज होतो आणि तो पाण्यात तरंगतो. पांढऱ्या बादलीत ताजं बोअरचं पाणी घ्या, झाकणभर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, पातळ क्लोरीन) टाका आणि अर्ध्या तासाने बघा. पिवळं-तपकिरी झालं तर पक्कं.

आणि दुधटपणा चुन्याचा. पीएच ८.२, अल्कलिनिटी २६०, हार्डनेस ३४० आणि पाणी कोमट, हे चारही एकाच बाजूला ओढतायत. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लँगेलियरने १९३६ साली याचा निर्देशांक मांडला, तो नळांच्या पाइपांसाठी होता, पण पूलला तसाच लागू पडतो. शून्याच्या जवळपास हवा, तुमचा सव्वाच्या वर जातोय. म्हणजे पाण्याला चुना पेलवत नाहीये, तो बाहेर पडतोय. त्यात कॅल्शियमवालं क्लोरीन टाकत राहिलात तर हार्डनेस आणखी चढेल. ते पोतं बाजूला ठेवा.

क्रम : आधी लोह आणि गढूळपणा बाहेर, मग अल्कलिनिटी आणि पीएच, मग स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं), मग रोजचं क्लोरीन. एका दिवशी एकच गोष्ट बदला आणि पंप पाणी एकदा पूर्ण फिरवून झाल्यावरच परत मोजा. मोरचूद नको. त्यावर उद्या लिहितो.

आबा_पाटणकर · २१ एप्रिल, सकाळी ६.५०

मी ग्रामपंचायतीच्या पाण्याचं काम बरीच वर्षं पाहिलं. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची आणि नळाच्या पाण्याची ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट घ्यायची, पिवळं आलं की ठीक. तुम्ही पोत्यातली पावडर थेट पाण्यात टाकता म्हणून दुधट होतंय. टीसीएल कधी थेट टाकायची नसते. बादलीत कालवायची, अर्धा तास ठेवायची, गाळ खाली बसला की वरची निवळी तेवढी ओतायची. चुना बादलीतच राहतो. एवढी महागाची किट कशाला? ओटीची बाटली स्वस्तात मिळते.

सोडावॉटर · २१ एप्रिल, सकाळी ८.०५

आबा, निवळीचा मुद्दा सोळा आणे खरा. पूलवाले हे विसरतात आणि तळाला पांढरा थर बसतो.

ओटीबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. ओटी एकूण क्लोरीन दाखवते. गावच्या टाकीत माणसं डुंबत नाहीत, त्यामुळे एकूण आणि मोकळं (कशाला न चिकटलेलं) यात फारसा फरक पडत नाही. पूलमध्ये घाम, लघवी, अंगाचं तेल येतं, त्यातलं नायट्रोजन क्लोरीनला चिकटतं आणि क्लोरामाइन होतात. ती ओटीत पिवळी दिसतात, पण जंतू मारायला फारशी कामाची नाहीत. डोळे चुरचुरणं आणि "क्लोरीनचा वास" हा त्यांचाच. वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेकदा मोकळं क्लोरीन कमी पडलेलं असतं. म्हणून पूलला डीपीडी.

आबा_पाटणकर · २१ एप्रिल, सकाळी ८.२०

पटलं. लिहून ठेवतो.

पूलवाला_पुणे · २१ एप्रिल, दुपारी १.४०

या धंद्यात असल्यामुळे दुसरी बाजू मांडतो. गिऱ्हाईक शुक्रवारी फोन करतं, "शनिवारी पाहुणे येतायत, पाणी निळं करून द्या." चाचणीचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. विजेचं बिल येतं म्हणून पंप दिवसातून एक तास चालवतात. मग आमचा माणूस तुरटी, मोरचूद आणि गोळ्या या तीन गोष्टींवर वेळ मारून नेतो. चूक सगळी त्याचीच नाही.

जास्वंदताई, सगळ्यात आधी फिल्टर. ४५ हजार लिटरला पंप तासाला सहा-सात हजार लिटर तरी ओढणारा हवा, म्हणजे सहा-सात तासांत पाणी एकदा फिरतं. सध्या चोवीस तास चालवा. स्वच्छ वाळूवर फिल्टरचा दाबाचा गेज किती दाखवतो ते लिहून ठेवा आणि त्यावर अर्धा बार चढला की बॅकवॉश करा, म्हणजे वाळूतून उलटं पाणी सोडून ती धुवा. रोज-रोज उगाच बॅकवॉश करू नका. वाळू थोडी मळली की बारीक कण उलट जास्त चांगले धरते.

तुरटी परत टाकाल तर रात्री टाका, पंप बंद ठेवा, सकाळपर्यंत गाळ बसू द्या. मग व्हॅक्यूम मारताना फिल्टरचा व्हॉल्व्ह "वेस्ट"वर ठेवा, म्हणजे गाळ वाळूत न जाता थेट बाहेर जाईल. "फिल्टर"वर ठेवलंत तर सगळं फिरून परत पूलमध्ये.

गोळ्यांना मात्र नावं ठेवू नका. शेतघर आठवडाभर बंद असतं, तिथे रोज हायपो कोण ओतणार?

फिनिक्सची_मैना · २१ एप्रिल, रात्री ११.५५

आमच्याकडे फिनिक्समध्ये घरामागे पूल असणं काही विशेष नाही, त्यामुळे हा विषय रोजच्या भाजीपाल्यासारखा झालाय. पूलवालादादा, गोळ्या वाईट नाहीत, पण त्यांच्याबरोबर काय येतं ते घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

मोठी पांढरी गोळी म्हणजे टीसीसीए, त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिड असतं. तेच स्टॅबिलायझर. ते हवंच. उघड्या पूलमध्ये ते नसेल तर कडक उन्हात तासाभरातच निम्मं क्लोरीन उडतं. पण क्लोरीन खर्च होतं आणि हे तिथेच साठत राहतं. गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन दिलं की ६ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतं. रोज अडीच पीपीएम क्लोरीन लागतं असं धरलं तर महिन्याला ४५ पीपीएम. तीन महिन्यांत शंभरी पार.

ते जास्त झालं की क्लोरीन बांधलं जातं. किटवर ३ पीपीएम दिसतं आणि पाणी तरीही हिरवं होतं. इथे लोक डबेच्या डबे रिकामे करतात आणि शेवटी कळतं की पाणी बदलण्यावाचून उपाय नाही. स्टॅबिलायझर ३० ते ५० ठेवा आणि मोकळं क्लोरीन त्याच्या साधारण साडेसात टक्के. म्हणजे ४० ला ३. हे गुणोत्तर लक्षात ठेवलं की निम्म्या कटकटी संपतात.

माझ्या मते जास्वंदने एकदाच वेगळं स्टॅबिलायझर घालावं. ३० पीपीएमसाठी तिच्या पूलला १३५० ग्रॅम. जुन्या मोज्यात भरून पाणी परत येतं त्या तोंडासमोर टांगायचं आणि मधूनमधून पिळायचं. लगेच विरघळत नाही, काही दिवस लागतात. नंतर रोज हायपो. १० टक्क्यांचं एक लिटर तिच्या पाण्यात साधारण २.२ पीपीएम देतं. गोळ्या फक्त घर बंद असेल त्या आठवड्यांसाठी.

पूलवाला_पुणे · २२ एप्रिल, सकाळी ९.३०

हा हिशोब मान्य. पण कर्जतला पावसाळा आहे, फिनिक्सला नाही. जून ते सप्टेंबर तीन मीटरच्या वर पाऊस पडतो. पूल ओसंडून वाहतो आणि स्टॅबिलायझर आपोआप पातळ होतं. तुमचं गणित आमच्याकडे वर्षभर चालत नाही.

फिनिक्सची_मैना · २२ एप्रिल, सकाळी ११.१०

खरं आहे, आमच्याकडे उलटं. वर्षाला दीड-दोन मीटर पाणी वाफ होऊन जातं, त्याजागी नळाचं कठीण पाणी भरत राहायचं. पाणी उडतं, चुना उरतो. टाइलवर पाण्याच्या रेषेशी पांढरी पट्टी बसते ती याचीच. पण जास्वंदकडेही ऑक्टोबर ते मे असे आठ महिने हेच होणार, बोअरच्या पाण्याने.

वैशाखवणवा · २२ एप्रिल, दुपारी ३.००

सगळे पीएच मोजताय, पण एप्रिलमध्ये ४५ हजार लिटर पाणी डुंबायला? त्याच तालुक्यातल्या वाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. बोअर स्वतःचा असला तरी खालचं पाणी सगळ्यांचं आहे. मला हे लिहिणं भाग आहे.

जास्वंद · २२ एप्रिल, दुपारी ४.२५

वैशाखवणवा, तुमचं म्हणणं मनाला लागतं आणि ते टाळायचं नाहीये. म्हणूनच पाणी ओतून परत भरायचा कंत्राटदाराचा सल्ला ऐकला नाही. आहे तेच पाणी वर्षानुवर्षं टिकवायचंय. पुढच्या वर्षीपासून भरणी पावसाच्या पाण्याने करायची, छपराची पन्हळ पूलकडे वळवायची असं ठरवलंय.

सोडावॉटर · २२ एप्रिल, संध्याकाळी ६.१०

पाणी टिकवायचं असेल तर पहिला खर्च कव्हरचा करा. ३२ चौरस मीटर पृष्ठभाग आहे. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर उडालं तरी १९० लिटरच्या वर जातात. कव्हरने त्यातलं बहुतेक वाचतं आणि हायपोही कमी लागतो. छपराचं पाणी उत्तम, पण पहिले दोन पाऊस सोडून द्या, पानं-धूळ-पक्ष्यांची घाण असते. आणि ते अगदी मऊ पाणी. त्यात हार्डनेस, अल्कलिनिटी जवळजवळ शून्य. पूर्ण त्यावरच भरलंत तर तहानलेलं पाणी टाइलच्या फटीतल्या सिमेंटमधून चुना खायला लागेल. तेव्हा उलट खाण्याचा सोडा टाकून अल्कलिनिटी वाढवावी लागेल. तुमच्या पूलला १० पीपीएमला साधारण ७५० ग्रॅम.

खोतांची_सून · २२ एप्रिल, रात्री ८.४०

आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. आजोबा वरून ढकलून द्यायचे. कसलं पीएच आणि कसलं काय! पाण्यात कासव होतं आणि ते आमच्यापेक्षा जुनं होतं.

ढगोजी · २२ एप्रिल, रात्री ८.४५

कासवाला स्टॅबिलायझर लागत नसावा.

सोडावॉटर · २२ एप्रिल, रात्री ९.२०

खोतांची_सून, विहिरीला झरा असतो, पाणी उपसलं जातं, नवीन येतं. शिवाय खोल आणि सावलीत. उथळ, कोमट, कोंडलेलं पाणी म्हणजे वेगळाच प्राणी.

मोरचूद राहिलं होतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, शेवाळ मारतं हे खरं. पण तांबं खर्च होत नाही, साठत जातं. पीएच वर गेला की टाइलच्या फटींवर निळसर-काळे डाग पडतात आणि ते निघता निघत नाहीत. पोहून केस हिरवट होतात ते क्लोरीनने नाही, तांब्याने. तांब्याचं पाणी निळसर दिसतं, म्हणून "निळं करून द्या"वर तो सोपा उपाय वाटतो. क्लोरीन नीट असेल तर शेवाळ येतच नाही.

अनुजा_सातपुते · २२ एप्रिल, रात्री १०.००

हे वाचून डोक्यात प्रकाश पडला! आमच्या सोसायटीच्या पूलमध्ये शिबिर झालं की लेकीच्या वेणीचं टोक दरवर्षी हिरवट होतं. कमिटीला हे सांगते. शॅम्पूवर किती खर्च झाला.

जास्वंद · २५ एप्रिल, रात्री ९.००

बादलीत बोअरचं पाणी घेऊन झाकणभर हायपो टाकला. वीस मिनिटांत फिकट पिवळं, तासाभरात गंजाचा रंग. लोह पक्कं.

तुरटी रात्री टाकून सकाळी "वेस्ट"वर व्हॅक्यूम केलं. पाइपातून बाहेर पडलेलं पाणी विटकरी होतं. दुधटपणा बराच कमी झाला, तळाची जाळी दिसते. आता पीएच ८.०, अल्कलिनिटी २४०, मोकळं क्लोरीन १ वर आलं. पण पाण्याला अजून हिरवट छटा आहे.

कोकणातला_दादा · २६ एप्रिल, सकाळी ७.३०

आमच्याकडे जांभ्याच्या भागात लोहाचा हा त्रास कायमचा. एक सोपा उपाय सांगतो. उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस दुकानातून आणा, औषधाचा कापूस नव्हे. स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढणारं तोंड) टोपलीत सैलसर भरा, दाबून नाही, नाहीतर पंपाला पाणी पुरणार नाही. क्लोरीन ३-४ वर ठेवून रात्रभर पंप चालवा. सकाळी पांढरा कापूस विटेच्या रंगाचा झालेला दिसेल. तो फेकायचा, नवीन भरायचा. कापूस पांढरा राहायला लागला की लोह संपलं. यापुढे बोअरचं पाणी वरून भरताना पाइपचं तोंडही तसल्याच कापसाने भरलेल्या बादलीतून काढा.

टाइलवर तपकिरी डाग राहिला असेल तर व्हिटॅमिन सीची साधी गोळी त्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. डाग फिकट झाला तर तो लोहाचाच.

जास्वंद · २८ एप्रिल, रात्री ८.१५

कोकणातला_दादा, कमाल! पहिल्या सकाळी कापूस बघून सासूबाई म्हणाल्या, मेंदी भिजवून ठेवलीय का. तीन वेळा बदलला, आता जवळजवळ पांढरा आहे. हिरवट छटा गेली.

आता अल्कलिनिटी. कंत्राटदार म्हणतो अ‍ॅसिडचा एक कॅन एकदम खोल टोकाला ओता. आणि पाण्याचा पडदा बंद ठेवा, त्याने पीएच वाढतो. हे बरोबर का?

सोडावॉटर · २८ एप्रिल, रात्री १०.३०

अर्धं बरोबर. पडद्याने पीएच वाढतो हे खरं, कारण पडणाऱ्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पण सध्या तुम्हाला तेच हवंय.

अ‍ॅसिड टाकलं की पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही उतरतात. पडदा चालवला की फक्त पीएच चढतो, अल्कलिनिटी उतरलेलीच राहते. म्हणून अ‍ॅसिडने पीएच ७.२ ला आणा, मग पडदा चालू करा, पीएच ७.८ पर्यंत चढू द्या, परत अ‍ॅसिड. प्रत्येक फेरीत अल्कलिनिटी वीसेक पीपीएमने खाली येईल. लक्ष्य १०० च्या आसपास, ८० ही चालेल. हार्डनेस ३४० आहे तो आहे, त्याला टाकायचं औषध नाही. म्हणूनच अल्कलिनिटी खालच्या बाजूला ठेवायची.

३० टक्क्यांच्या वरचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असेल तर तुमच्या पाण्यात १० पीपीएमला ९०० मिलिलिटर लागतं. २४० वरून १०० म्हणजे एकूण साडेबारा लिटर, पण हे दोन-तीन आठवड्यांत. एका वेळी एक लिटर, चार तास पंप, मोजणी. एकदम कॅन ओतलात तर ते जड असल्याने तळाला जाऊन बसतं आणि फटींमधलं सिमेंट खातं. पंप चालू ठेवून, पाणी परत येतं त्या तोंडासमोर, बारीक धारेने सोडा.

अ‍ॅसिड पारदर्शक बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं पिवळसर असतं ते बहुधा लोहानेच. आत्ताच गंज काढलाय, परत घालू नका.

रेस्क्यू_रेमेडी · २९ एप्रिल, सकाळी ९.००

हात जोडून सांगते, सुरक्षिततेचं आधी वाचा. मी कारखान्यात सेफ्टीचं काम करते.

अ‍ॅसिड पाण्यात, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. वारा पाठीमागून. अ‍ॅसिड आणि कोणतंही क्लोरीन एका खोलीत ठेवू नका, दोन्ही सांडून एकत्र आलं तर क्लोरीन वायू होतो. पंपाच्या बंद खोलीत माणूस दगावू शकतो. आणि दाणेदार कॅल्शियम हायपोला आणि टीसीसीएच्या गोळ्यांना एकच माप, एकच बादली, एकच डबी वापरू नका. ही दोन क्लोरीनं एकमेकांत मिसळली तर पेट घेतात. एका रिसॉर्टवर माळ्याने उरलेले दाणे गोळ्यांच्या फ्लोटरमध्ये भरले होते. झाकण छताला लागलं. त्याच्या भुवया गेल्या, डोळे थोडक्यात वाचले.

शेतघर सांभाळणाऱ्या दादांना हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. वाचता येत नसेल तर डब्यांना वेगळे रंग लावा. बहुतेक घरी हे काम त्यांच्यावरच पडतं आणि त्यांना कोणी काही सांगितलेलं नसतं.

जास्वंद · २९ एप्रिल, दुपारी १.१५

रेस्क्यू_रेमेडी, आजच अ‍ॅसिड गोठ्यामागच्या कोनाड्यात हलवलं, क्लोरीन पंपाच्या खोलीत. आमच्या सोमादादांना चष्मा आणून दिला.

डॉ_निरगुडी · २९ एप्रिल, रात्री ९.५०

मुलांबद्दल कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. पाणी स्वच्छ दिसणं आणि सुरक्षित असणं वेगळं. मोकळं क्लोरीन किमान १, स्टॅबिलायझर घातल्यावर वर मैनाताईंनी दिलेल्या हिशोबाने. पीएच ७.२ ते ७.८. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. बुडालेलं मूल गढूळ पाण्यात दिसत नाही. हे तिन्ही जमेपर्यंत कोणालाही सोडू नका.

कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये त्याचे बरेच रुग्ण झाले. आजार दुर्मिळ, पण जगभरात बहुतेक रुग्ण वाचलेले नाहीत. क्लोरीन सतत राहिलं तर तो टिकत नाही. जुलाब झालेलं मूल मात्र बरं झाल्यावरही दोन आठवडे पाण्यात नको, क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा जंतू नेहमीच्या क्लोरीनलाही दाद देत नाही. आणि पोहण्याआधी साबणाने आंघोळ. क्लोरामाइन कमी करण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

कुंपण आणि कुलूपबंद फाटक केलंय ना?

जास्वंद · २९ एप्रिल, रात्री १०.०५

कुंपण आहे डॉक्टर. फाटकाची कडी उंचावर घेतली आहे.

ढगोजी · १ मे, सकाळी १०.२०

मीठवाला पूल बरा नाही का? त्यात क्लोरीन लागत नाही म्हणतात.

फिनिक्सची_मैना · १ मे, रात्री १०.४०

लागतं की! मिठाच्या पाण्यातून यंत्र वीज सोडून क्लोरीनच बनवतं. मीठ साधारण ३००० ते ३५०० पीपीएम, समुद्राच्या दहावा हिस्सा. रोज ओतायचा त्रास वाचतो, पण पीएच सतत वर चढतो आणि कठीण पाण्यात यंत्राच्या पट्ट्यांवर चुना धरतो. जास्वंदच्या हार्डनेसला मी तरी आत्ता हा सल्ला देणार नाही.

सोडावॉटरजी, एका गोष्टीवर आपलं जमणार नाही बहुतेक. ८.२ पीएचला क्लोरीन निकामी होतं असं सगळीकडे लिहितात. स्टॅबिलायझर नसेल तेव्हा ते खरं. एकदा ३०-४० स्टॅबिलायझर आलं की पीएचचा तेवढा परिणाम राहत नाही, बहुतेक क्लोरीन साठ्यात बांधलेलं असतं.

सोडावॉटर · २ मे, सकाळी ७.५०

नाही हो, जमतंय. स्टॅबिलायझरशिवाय ७.५ ला निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ८ ला पाव. ते घातल्यावर हा उतार बराच सपाट होतो. तरी मी पीएच ७.८ च्या खालीच ठेवायला सांगेन, क्लोरीनसाठी नाही तर चुन्यासाठी.

जास्वंद · २१ मे, रात्री ९.३०

उशिरा लिहितेय, घर मुलांनी भरलंय. आजचे आकडे : पीएच ७.६, अल्कलिनिटी ११०, हार्डनेस ३४०, स्टॅबिलायझर ३५, मोकळं क्लोरीन ३. रात्री पोरं गेल्यावर मोजलं, सकाळी ऊन यायच्या आत परत मोजलं, अर्धा पीपीएमही उतरलं नाही. पाणी इतकं नितळ की मधल्या मुलाने खोल टोकाला टाकलेलं रुपयाचं नाणं काठावरून ओळखता येतं. मोरचुदाची पिशवी उघडलीच नाही.

एक प्रश्न उरलाय. पडदा आता बंद असतो, तरी पीएच दर दोन-तीन दिवसांनी ७.९ ला जातो. हे कधी थांबणार?

पूलवाला_पुणे · २२ मे, सकाळी ८.४५

ताई, हे फटींमधल्या सिमेंटचं. नवीन सिमेंटातून चुना सुटत राहतो, पहिला महिना जास्त, मग हळूहळू कमी. रोज नायलॉनच्या ब्रशने भिंती घासा, तारेचा ब्रश नको. सुटलेली भुकटी फिल्टरमध्ये जाईल, नाहीतर टाइलवर खरखर धरते. दर वेळी पाव-अर्धा लिटर अ‍ॅसिड पुरेल. अल्कलिनिटी ८० ला आणलीत तर चढण्याचा वेगही कमी होईल. पुढच्या गिऱ्हाइकाला मी किट पूलबरोबरच देणार आहे, किमतीत धरून.

सोडावॉटर · २२ मे, सकाळी ९.१५

रात्रभरात क्लोरीन उतरलं नाही म्हणजे पाण्यात खाणारं काही उरलेलं नाही. हीच खरी परीक्षा होती.

पाऊस लागला की आठवड्याला अल्कलिनिटी आणि पंधरवड्याला स्टॅबिलायझर मोजा, दोन्ही झपाट्याने उतरतील. ओसंडून वाहायचं तोंड उघडं आहे ना तेही आत्ताच बघून घ्या, त्यात बेडकांनी घर केलेलं असतं.

जास्वंद · २२ मे, सकाळी ११.४०

सोमादादांना बघायला सांगितलं. दोन निघाले.